विमानांच्या शर्यती आणि हौशी उड्डाण: तिकीट काढणारे आणि नाव नोंदवणारे

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: रेड बुलची एअर रेस २०१९ ला बंद पडली, अमेरिकेतल्या रीनो शहराजवळच्या विमान शर्यती २०२३ नंतर तिथून उठल्या. गर्दी खेचणाऱ्या अशा शर्यतींनी छंद म्हणून छोटी विमानं उडवणाऱ्यांचं काही भलं होतं का, की उलट त्यांचं नाव खराब होतं? आणि भारतात कुणी अशी शर्यत भरवली तर आपल्याकडे हौशी उड्डाण वाढेल का?

उत्तर आधी, कारणं मग. ज्या शर्यतीतलं विमान आणि तुमच्या हँगरमधलं विमान यांत फारसं अंतर नसतं, आणि आज कुंपणाबाहेर उभा असलेला माणूस दोन-तीन वर्षांनी ज्या शर्यतीत स्वतः नाव नोंदवू शकतो, ती शर्यत हौशी उड्डाणाच्या फार कामाची असते. ज्या शर्यतीचं फक्त तिकीट काढता येतं, ती करमणूक. करमणुकीत वाईट काही नाही, मी स्वतः आवडीने बघत आले आहे. पण तिच्यातून नवे वैमानिक घडतील अशी आशा धरू नये. तिथे अपघात झाला की त्याचा भुर्दंड मात्र लहान विमानतळावर शनिवार-रविवारी उडणाऱ्या माणसालाही भरावा लागतो.

मी उत्तर कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या विमानतळावर उड्डाण शिकवते आणि विमानांची दुरुस्तीही करते. सिएरा नेवाडा ओलांडली की रीनो, त्यामुळे सप्टेंबर आला की आमचा निम्मा विमानतळ तिकडे पळायचा. खाली जे लिहिते आहे ते या दोन्ही कामांच्या अनुभवावरून.

ज्यांनी रीनो पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. बिल स्टेड नावाच्या माणसाने १९६४ ला या शर्यती सुरू केल्या आणि १९६६ पासून त्या स्टेड विमानतळावर होत असत. वाळवंटात टेलिफोनच्या खांबांवर रंगवलेले पिंप बसवलेले, हे झाले पायलन. त्यांच्या बाहेरून वळसा घालत, जमिनीपासून पन्नासेक फुटांवर, आठ-आठ विमानं एकाच वेळी घुमतात. प्रत्येक पायलनखाली पंच मान वर करून उभे असतात. विमान पायलनच्या आतल्या बाजूने गेलं की दंड. यात गटही बरेच होते: युद्धकाळातली मस्टँग-बेअरकॅटसारखी अवजड विमानं, टी-६ ही जुनी प्रशिक्षण विमानं, जेट, दुपंखी, स्वतः किट जोडून बांधलेली ‘स्पोर्ट’ विमानं आणि इवलीशी फॉर्म्युला वन. लोक यायचे ते मस्टँगचा आवाज ऐकायला. हौशी उड्डाणाला उपयोग झाला तो शेवटच्या दोन गटांचा.

फॉर्म्युला वनचं उदाहरण घ्या. यातल्या प्रत्येक विमानाला कॉन्टिनेन्टल ओ-२०० इंजिन लागतं, शंभर अश्वशक्तीचं. हेच इंजिन सेस्ना १५० मध्ये असतं, ज्या विमानावर जगभरातल्या हजारो लोकांनी पहिले धडे गिरवले. सेस्ना १५० या इंजिनावर ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास रमतगमत जाते. फॉर्म्युला वनचं विमान ताशी चारशेच्या पलीकडे जातं. शर्यतीत इंजिन जास्त फेऱ्यांनी पिळतात हे खरं, पण वेगातला मोठा वाटा शरीराच्या घडणीचा आहे. फटी बुजवलेल्या, चाकांवर घट्ट बसणाऱ्या टोप्या, इंजिनाला थंड करणारी हवा गरजेपुरतीच आत घेणारी तोंडं, आरशासारखा गुळगुळीत पंख. जॉन शार्प यांच्या ‘नेमेसिस’ने नव्वदच्या दशकात या गटात जवळजवळ सगळं जिंकलं, ते असंच.

स्वतःचं विमान गॅरेजमध्ये बांधणाऱ्याने हे बघितलं की तो घरी जाऊन पहिलं काम करतो ते इंजिनाच्या झाकणातून निसटणारी हवा शोधण्याचं. हे मी माझ्या दुकानात घडताना पाहते. सिलिंडरच्या भोवतीच्या पत्र्याच्या आणि झाकणाच्या मधल्या रबरी पट्ट्या नीट बसल्या नसल्या की थंड करायला आलेली हवा काम न करताच निघून जाते. मग चढताना तापमान वाढतं, चालक नाक खाली करतो, इंधन जास्त ओततो. आत दिवा ठेवून, अंधारात झाकणाबाहेरून उजेड कुठे दिसतो ते बघायचं. जिथे उजेड तिथे गळती. कित्येक हौशी मालकांना हे सुचतं ते शर्यतीच्या गोटात फिरून आल्यावर. क्लाउस सॅव्हियर यांनी आपल्या छोट्या विमानावर शर्यतीसाठी आणि काटकसरीसाठी घासूनपुसून सुधारलेलं इलेक्ट्रॉनिक इग्निशन आज किट विमानांमध्ये सर्रास दिसतं.

यापेक्षा जुनं उदाहरण स्टीव्ह विटमन यांचं. हा शर्यतवाला माणूस. खडबडीत मैदानात आदळणाऱ्या आपल्या विमानांसाठी त्याने लवचिक स्टीलच्या पट्टीचे पाय बनवले. गुंतागुंतीचे दांडे नाहीत, तेल गळणारे पंप नाहीत, नुसती वाकून परत सरळ होणारी पट्टी. सेस्नाने त्याचे हक्क घेतले. शिकाऊ माणसाने धाडकन आपटलेलं सेस्ना निमूट उभं राहतं, त्यामागे हा शर्यतवाला आहे. ऑशकॉशचा विमानतळ आज त्याच्या नावाने ओळखला जातो आणि हौशी विमानांची जगातली सगळ्यात मोठी जत्रा तिथेच भरते.

याच्या उलट, शर्यतींच्या बाजूने बोलणारे नेहमी श्नायडर ट्रॉफीचा दाखला देतात. १९१३ ते १९३१ या काळात समुद्री विमानांची ही स्पर्धा होती, तीतून रेजिनाल्ड मिचेलची सुपरमरीन विमानं आली, रोल्स-रॉइसचं आर इंजिन आलं आणि त्या अनुभवावर पुढे स्पिटफायर उभं राहिलं. सगळं खरं. पण तो फायदा हवाई दलाचा. किनाऱ्यावर जमलेल्या लाखो बघ्यांपैकी कुणाच्या वाट्याला त्या यंत्रातलं काही आलं नाही. १९३१ ची शेवटची शर्यत तर लेडी ह्यूस्टन यांनी एक लाख पौंड दिले म्हणून होऊ शकली. हौशी उड्डाणाच्या खात्यात श्नायडर ट्रॉफी जमा करणं म्हणजे शेजाऱ्याच्या विहिरीवर आपलं पीक दाखवणं.

आता ‘गर्दीतून वैमानिक तयार होतात’ या समजाकडे येऊ. अमेरिकेत १९८० ला परवानाधारक वैमानिक सव्वाआठ लाखांच्या वर होते. २०१६ पर्यंत हा आकडा सहा लाखांच्या खाली आला. या सगळ्या काळात, २००१ चं वर्ष सोडलं तर, रीनो दर सप्टेंबरला भरत होतं. लोक येत होते, आइस्क्रीम खात होते, फोटो काढत होते आणि घरी जात होते. मी असं म्हणत नाही की रीनोमुळे संख्या घटली. ती घटली ती इंधनाच्या किमतीमुळे, विमानांच्या किमतीमुळे आणि नुकसानभरपाईच्या खटल्यांमुळे. या खटल्यांना कंटाळून सेस्नाने १९८६ मध्ये आपली छोटी एक-इंजिनी विमानं बनवणंच थांबवलं होतं. १९९४ मध्ये जुन्या विमानांसाठी कारखानदाराची जबाबदारी मर्यादित करणारा कायदा झाला, तेव्हा कुठे ती पुन्हा बनू लागली. म्हणजे छोट्या उड्डाणाला खाली ओढणारी आणि वर आणणारी कारणं कायद्याच्या पुस्तकात आणि पेट्रोलच्या पंपावर होती. प्रेक्षकांच्या गॅलरीत ती नव्हती.

रेड बुलबद्दल फार लिहीत नाही. २००३ ते २०१९, मध्ये तीन वर्षांचा खंड. फुगवलेले कापडी खांब, धडकलं तर फाटणारे. डोळ्यांचं पारणं फेडणारं कसब. पण मैदानात मूठभर वैमानिक, तेही आयुष्यभर कसरती केलेले. २०१४ पासून सगळ्यांना एकाच जातीचं इंजिन आणि पंखा सक्तीचा झाला, म्हणजे गोटात बसून काही नवं शोधायची वाटही आक्रसली. शेवटी आयोजकांनी सांगितलं की त्यांच्या इतर कार्यक्रमांइतका प्रतिसाद या शर्यतीला मिळत नाही, आणि दुकान बंद केलं. त्यानंतर माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांची संख्या ना वाढली, ना घटली.

अपघातांबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण नुकसानीची बाजू तिथे आहे.

१९४९ मध्ये क्लीव्हलंडच्या शर्यतीत बिल ओडम यांचं मस्टँग बेरिया गावातल्या एका घरावर पडलं. ओडम गेले, घरातली आई आणि तिचं मूल गेलं. त्यानंतर बड्या विमानांची ती शर्यत पुन्हा झाली नाही. रीनोत सप्टेंबर २०११ मध्ये जिमी लीवर्ड यांचं ‘गॅलपिंग घोस्ट’ हे मस्टँग प्रेक्षकांच्या खुर्च्यांशेजारी कोसळलं. वैमानिकासह अकरा माणसं मेली, साठहून अधिक जखमी झाली. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात जे निघालं ते प्रत्येक हौशी विमानमालकाने वाचावं. शेपटीच्या आडव्या पंखावर ट्रिम टॅब नावाची एक छोटी फळी असते. तिला धरून ठेवणारे स्क्रू ज्या लॉकनटांमध्ये बसवले होते, ते नट एकदा वापरून फेकून द्यायचे असतात. ते पुन्हा वापरले होते. आतली पकड झिजली, फळी सैल झाली, त्या वेगात फडफडायला लागली आणि तिची दांडी तुटली. नाक एकदम वर उसळलं, सतरा जीच्या (गुरुत्वाकर्षणाच्या सतरा पट) आसपास भार आला आणि एका क्षणात वैमानिक शुद्ध हरपून बसला. जोडीला, विमानात केलेल्या मोठ्या फेरफारांची पुरेशी चाचणी झाली नव्हती.

तो नट काही दुर्मीळ वस्तू नाही. माझ्या टेबलावर त्यांचा डबा आहे. आत नायलॉनचं किंवा तंतूचं कडं असतं, स्क्रू त्यातून जाताना घट्ट चावला जातो. दुरुस्तीवाल्यांचा साधा नियम आहे: नट नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत फिरत गेला, तर तो कचऱ्यात टाकायचा. नवा नट काही सेंटना मिळतो. मी विद्यार्थ्यांच्या हातात एक नवा आणि एक वापरलेला नट देते, दोन्ही फिरवून बघायला सांगते. फरक बोटांना लगेच कळतो. वार्षिक तपासणीत ‘अहो, हा तर चांगला दिसतोय’ असं म्हणणाऱ्या मालकाला मी २०११ ची गोष्ट सांगते. तेवढ्यापुरता रीनोचा उपयोग होतो, पण त्यासाठी एवढी मोठी किंमत मोजावी लागली.

पुढे २०२२ मध्ये जेट गटात एक वैमानिक गेला. सप्टेंबर २०२३, रीनोतला शेवटचा दिवस: टी-६ ची अंतिम शर्यत संपली होती, विमानं उतरायला येत होती आणि त्यातली दोन एकमेकांवर आदळली. दोन्ही मुरलेले वैमानिक गेले. पायलनभोवतीचा वेग, धूर, आवाज सगळं संपल्यावर, साध्या उतरण्याच्या फेरीत. मी शिकवते त्यातला मोठा भाग याच फेरीचा असतो: कोण पुढे आहे, कुठे आहे, दिसला का, नाही दिसला तर वळू नका.

अशा घटनांचा भुर्दंड आम्ही भरतो असं मी म्हटलं, ते कसं? विम्याच्या कंपनीला ‘शर्यतीचं मस्टँग’ आणि ‘तुमचं चार माणसांचं पायपर’ यातला फरक कळतो; शेजारच्या वसाहतीतल्या माणसाला कळत नाही. नगरपालिकेच्या बैठकीत विमानतळ बंद करा म्हणणारा जेव्हा उठतो, तेव्हा तो वर्तमानपत्रातला तोच फोटो दाखवतो. रीनोच्या विमानतळ प्राधिकरणाने शर्यत थांबवताना जी कारणं दिली, वाढती वस्ती, लोकांची सुरक्षितता, विमा, तीच कारणं उद्या कुठल्याही लहान धावपट्टीला लावता येतात. शर्यत २०२५ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या रॉसवेलला गेली, तिला मोकळं वाळवंट मिळालं. गावातल्या फ्लाइंग क्लबला असं उठून जाता येत नाही.

दुसरा भुर्दंड शिकवणाऱ्याच्या डोक्याला. व्हिडिओ बघून आलेला विद्यार्थी असतो. धावपट्टीच्या दिशेने शेवटचं वळण घेताना तो जरा पुढे निघून गेलेला असतो, मग पायलनवाल्यांसारखं विमान आडवं करून परत रेषेवर आणायचा मोह होतो. इथे गणित साधं आहे. पंख साठ अंश कलवून उंची राखत वळलात तर विमानावरचा भार दुप्पट होतो आणि स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्याखाली पंख विमानाला उचलून धरू शकत नाहीत तो वेग, एकेचाळीस टक्क्यांनी वाढतो. सरळ उडताना पन्नास नॉटला स्टॉल होणारं विमान या वळणात सत्तर नॉटच्या वरच स्टॉल होतं. आणि उतरायला येताना तुमचा वेग असतो पासष्ट ते सत्तर. पायलनवर वळणारा माणूस आपल्या स्टॉलच्या वेगाच्या कितीतरी वर असतो. काही बिघडलं तर तो वेग मोडून वर झेपावतो आणि हातात उंची घेतो. तुमच्याकडे मोडायला वेगही नाही आणि खाली उंचीही नाही. गॅलरीत बसणाऱ्याला हा फरक दिसत नाही, त्याला दोन्हीकडे एक कललेलं विमान दिसतं. गंमत म्हणजे शर्यतीत उतरू पाहणाऱ्याला आधी पायलन सेमिनार करावा लागतो, इतर विमानांच्या अगदी शेजारी उडण्याचं कसब सिद्ध करावं लागतं. शिस्त आत असते, बाहेर फक्त थरार पोचतो.

आता ज्या शर्यतींबद्दल मला मनापासून बोलायचं आहे, त्या.

ऑगस्ट १९२९ मध्ये सांता मोनिकाहून क्लीव्हलंडला वीसेक बायका निघाल्या. महिलांची पहिली मोठी देशव्यापी विमान शर्यत. अमेलिया इअरहार्ट त्यात होती, जिंकली लुईस थेडन. मार्व्हल क्रॉसन अॅरिझोनात मेली आणि ‘बायकांना हे झेपणारं नाही, शर्यत थांबवा’ अशी ओरड झाली. त्या थांबल्या नाहीत. गर्दी प्रत्येक मुक्कामावर तुफान. पण त्या गर्दीपेक्षा टिकाऊ ठरलं ते हे, की त्याच नोव्हेंबरमध्ये महिला वैमानिक एकत्र आल्या आणि ‘नाइन्टी-नाइन्स’ ही संघटना निघाली, पहिल्या नव्व्याण्णव सभासदांवरून हे नाव. ती आजही मुलींना शिष्यवृत्त्या देते. भाग घेणाऱ्यांची एकमेकींशी ओळख झाली, हा त्या शर्यतीचा खरा नफा. ज्या सांता मोनिका विमानतळावरून त्या उडाल्या, तो २०२८ संपल्यावर बंद करायची मुभा शहराने करार करून मिळवली आहे. ऐतिहासिक शर्यतीची पुण्याई धावपट्टी वाचवत नाही, याचा यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही.

त्याच परंपरेतली ‘एअर रेस क्लासिक’ १९७७ पासून जवळजवळ दरवर्षी उन्हाळ्यात होते. फक्त महिला, किमान दोघींचा संघ, चार दिवस, सुमारे चोवीसशे मैल, फक्त दिवसाउजेडी आणि बाहेर बघून उडता येईल अशाच हवामानात. विमान कारखान्यातून आलं तसंच, रोजच्या वापरातलं. आधी प्रत्येक विमानाची चाचणी घेऊन त्याचा अपेक्षित वेग ठरवतात, आणि मग तुम्ही त्या वेगाच्या किती पुढे गेलात यावर गुण. त्यामुळे चाळीस वर्षांचं सेस्ना नव्याकोऱ्या सिरसला हरवू शकतं, आणि सगळ्यात शेवटी पोचलेला संघही जिंकू शकतो.

या शर्यतीसाठी मी विद्यार्थिनींना तयार करते, तेव्हा काय शिकवते ते सांगते, म्हणजे मुद्दा कळेल. पाठीमागून वारा असेल तर वर चढायचं, पण चढण्यात वेळ जातो. पुढचा टप्पा दीडशे मैलांचा असेल तर चढून मिळालेला वारा परवडतो का? समोरून वारा असेल तर जमिनीलगत राहायचं, पण उन्हात तिथे हवा उकळते आणि विमान हिंदकळलं की वेग जातो. इंधन आणि हवेचं मिश्रण किती पातळ करायचं, सिलिंडरचं तापमान बघत. आज दुपारी पुढे जायचं की वाऱ्याची दिशा बदलायची वाट बघत उद्या सकाळपर्यंत थांबायचं? हा निर्णय चुकला की शर्यत गेली. आणि पुढे वादळ दिसलं तर परत फिरायला लागणारी हिंमत. यातलं एकही कसब फक्त शर्यतीपुरतं नाही. परवाना मिळाल्यावर बरेच लोक आपल्याच विमानतळाभोवती घिरट्या घालत राहतात आणि वर्षा-दोन वर्षांत कंटाळून सोडून देतात. चार दिवसांत अर्धा देश ओलांडलेली मुलगी सोडत नाही. कॉलेजांचे संघ आता यात मोठ्या संख्येने असतात. प्रेक्षक? मुक्कामाच्या विमानतळावर लिंबूसरबत घेऊन उभे असलेले स्थानिक क्लबवाले. तेवढे पुरतात.

ब्रिटनमधला ‘किंग्ज कप’ याच जातीचा. पाचव्या जॉर्जने १९२२ मध्ये सुरू केलेला, हॅंडिकॅप पद्धतीचा: संथ विमान आधी सोडतात, वेगवान नंतर, हिशेब असा की सगळे रेषेवर एकदम यावेत. १९२८ चा कप एका जिप्सी मॉथने जिंकला, म्हणजे त्या काळच्या फ्लाइंग क्लबातल्या रोजच्या विमानाने. लोकांनी ते पाहिलं आणि त्याच जातीचं विमान क्लबात जाऊन भाड्याने घेतलं, घेता येत होतं.

आपला भारतीय दुवाही इथेच आहे. इंग्लंड आणि भारत यांच्यात एकट्याने उडणाऱ्या पहिल्या भारतीयाला आगाखानांनी पाचशे पौंडांचं बक्षीस ठेवलं होतं. १९३० मध्ये मनमोहन सिंग, अस्पी इंजिनिअर आणि जे. आर. डी. टाटा हे तिघं त्यात उतरले. जेआरडींनी आदल्याच वर्षी, १० फेब्रुवारी १९२९ ला, मुंबईच्या फ्लाइंग क्लबातून भारतात दिला गेलेला पहिला परवाना मिळवला होता. अस्पी तर सतरा वर्षांचा. इजिप्तमध्ये अबुकीरला दोघांची गाठ पडली, अस्पीकडे सुटे स्पार्क प्लग नव्हते, जेआरडींनी आपल्यातले दिले, आणि बक्षीस अस्पीने नेलं. पुढे तो हवाई दलाचा प्रमुख झाला, आणि जेआरडींनी १९३२ मध्ये कराचीहून टपाल घेऊन विमान जुहूला उतरवलं. ना गॅलरी, ना तिकीट, ना जाहिरातीचे फलक. दोघांची विमानं जिप्सी मॉथ. क्लबातल्या पोराला क्लबातल्याच विमानाने जिंकता येईल अशी स्पर्धा होती, म्हणून दोन पोरं घडली.

मुंबई मॅरेथॉनने काय केलं ते आठवा. ऑलिंपिकमधली धावपळ आपण पिढ्यान्‌पिढ्या टीव्हीवर बघतच होतो, त्याने सोसायटीतले काका पहाटे उठून पळायला लागले नव्हते. २००४ पासून त्याच रस्त्यावर, त्याच दिवशी, केनियाच्या धावपटूंमागून शेजारचे जोशी पळताना दिसायला लागले, तेव्हा बूट विकले गेले.

उड्डाणात याचं सगळ्यात ताजं उदाहरण पॅराग्लायडिंगचं आहे, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर माझ्या मताला थोडा धक्का देणारं. रेड बुलचीच ‘एक्स-आल्प्स’ ही शर्यत २००३ पासून दर दोन वर्षांनी होते. ऑस्ट्रियातून निघून आल्प्स पार करायचा, उडत किंवा पायी. मोटार नाही, दोरी-पाळणा नाही. स्वित्झर्लंडच्या ख्रिश्चन माउरर यांनी २००९ पासून ती पुन्हा पुन्हा जिंकली आहे. भाग घेणारे अतिशय तयारीचे, सामान्य माणसाला प्रवेश नाही. पण लाइव्ह ट्रॅकिंगमुळे घरबसल्या प्रत्येकाचा ठिपका नकाशावर सरकताना दिसतो, आणि या शर्यतीसाठी बनलेले हलके पंख आणि हलके हार्नेस बाजारात आले. परिणामी डोंगर चढून जायचं आणि उडून खाली यायचं हा छंद युरोपात झपाट्याने पसरला, हौशी लोकांच्या छोट्या स्पर्धा निघाल्या. म्हणजे प्रेक्षकांची शर्यतही काम करते, पण एका अटीवर: बघणाऱ्याला ‘हेच, यापेक्षा जरा सोपं, मीही पुढच्या महिन्यात करू शकतो’ असं वाटलं पाहिजे, आणि ते खरं असलं पाहिजे. पॅराग्लायडरला हँगर लागत नाही, धावपट्टी लागत नाही, खर्च मोटरसायकलच्या घरात. मस्टँगच्या बाबतीत यातलं एकही वाक्य खरं नाही.

आता भारताचं. इथे शर्यतीला गर्दी जमेल का, हा प्रश्नच नाही. ६ ऑक्टोबर २०२४ ला चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर हवाई दलाची प्रात्यक्षिकं बघायला लाखो लोक आले, उन्हात आणि गर्दीत पाच जण दगावले. बंगळुरूच्या एरो इंडियाला पाय ठेवायला जागा नसते. उत्सुकता भरपूर आहे. त्यातल्या एखाद्या मुलीने घरी जाऊन ‘मला छंद म्हणून उडायचंय’ म्हटलं, तर पुढे काय? महाराष्ट्रात धुळे, बारामती, शिरपूर, गोंदिया इथे उड्डाण शिकवतात, पण तिथला जवळजवळ प्रत्येक जण व्यावसायिक परवान्याचे दोनशे तास भरायला आलेला असतो. एअरलाइनची नोकरी हे ध्येय. रविवारी विमान भाड्याने घेऊन मित्राला फिरवून आणणारा माणूस ही जातच विरळ. मी इथे, नियंत्रण मनोरा नसलेल्या धावपट्टीवरून, कुणालाही न विचारता उडू शकते. भारतात बहुतेक उड्डाणांना फ्लाइट प्लॅन भरून एफआयसी (उड्डाण माहिती केंद्राचा) आणि एडीसी (हवाई संरक्षणाच्या परवानगीचा) असे क्रमांक मिळवावे लागतात. त्यात ॲव्हगॅस, म्हणजे लहान विमानांचं पेट्रोल, मोजक्या ठिकाणी मिळतं आणि महाग मिळतं. कांदिवलीत चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधलं, २०१६ मध्ये ते वांद्रे-कुर्ला संकुलातल्या प्रदर्शनात सगळ्या मुंबईने पाहिलं, कौतुक झालं. तरी नोंदणी हातात पडायला २०१७ चा नोव्हेंबर उजाडला. गर्दी आणि टाळ्या तेव्हाही होत्या. अडलं होतं ते फायलीपाशी.

म्हणून कुणी गिरगाव चौपाटीवर कापडी खांब उभारून परदेशी कसरतपटू आणणार असेल, तर मी आनंदाने बघायला येईन, मात्र त्याच्या जाहिरातीत ‘हौशी उड्डाणाला चालना’ असं लिहू नये. त्याच पैशात करता येण्यासारखं दुसरं सांगते. कामशेतला पॅराग्लायडिंग शिकवणाऱ्या शाळा आहेत, बीर-बिलिंगला २०१५ मध्ये विश्वचषकाचा टप्पा झालेला आहे. सह्याद्रीत पायी चढून उडायची एक छोटी, सुरक्षित, नवशिक्यांचा वेगळा गट असलेली स्पर्धा या शाळांच्या मदतीने भरवता येईल. त्यात बघणारे आणि भाग घेणारे एकाच एसटीने येतील.

आणि विमानांचंच काही करायचं असेल, तर वेगाची शर्यत नकोच. फ्लाइंग क्लबांची रॅली करा: धुळ्याहून निघायचं, बारामतीला उतरायचं, दुसऱ्या दिवशी परत. परवानग्या सगळ्यांच्या एकदम काढायच्या, इंधनाचा टँकर एकच मागवायचा. निघण्यापूर्वी प्रत्येक संघाने कागदावर लिहून द्यायचं की प्रत्येक टप्प्याला किती वेळ लागेल आणि किती इंधन जाईल. जीपीएसचा पडदा झाकायचा, परवाना असलेला प्रशिक्षक शेजारी बसवायचा. जमिनीवर उतरल्यावर टाकी मोजायची, घड्याळ बघायचं, ज्याचा अंदाज सगळ्यात कमी चुकला तो जिंकला. अशा रॅल्या जगात अनेक ठिकाणी होतात आणि क्लबातलं सगळ्यात जुनं, सगळ्यात संथ विमानही त्यात पहिलं येतं. बारामतीच्या कुंपणाबाहेर शाळेची मुलं उभी असतील, त्यांना आत घ्या, विमानात बसवा, आणि चाचणी उड्डाणाचा अर्ज तिथेच टेबलावर ठेवा.